परळच्या ‘टाटा’मागची माणसे

आमच्या वेळणेश्वरच्या बौद्धवाडीत कर्करोग हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. ‘अमक्याला टाटाला नेला’ एवढे म्हटले की ऐकणारा समजतो आणि गप्प होतो. समुद्रकाठच्या या गावातून गुहागर, चिपळूण करीत मुंबईची गाडी धरायची आणि परळला उतरायचे, हा रस्ता आमच्या मागच्या दोन पिढ्यांनी पोटासाठी तुडवला. आता त्याच रस्त्याने आमची दुखणाईत माणसे जातात.

वाडीतल्या एका काकींना आम्ही असेच परळला घेऊन गेलो होतो. काकींनी उभा जन्म मशेरी लावली. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा. गालाच्या आत पांढरा चट्टा पडला तो त्यांनी वर्षभर कुणाला दाखवला नाही. तिखट लागेना म्हणून बिनतिखटाची आमटी खाऊ लागल्या. तोंड उघडेना तेव्हा घास बारीक करून खाल्ला. गालातून गाठ बाहेर दिसू लागली तेव्हा मुलाने आम्हाला निरोप धाडला. कारकुनी पेशातला माणूस म्हणून वाडीतले फॉर्म भरण्याचे काम आमच्याकडेच असते. फाईल काढणे, रांगेत उभे राहणे, रेशनकार्डाची झेरॉक्स देणे, हे सारे करीत आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलो होतो. काकींनी भोवतालची गर्दी बघितली. बिहारची माणसे, बंगालची माणसे, आपल्या मराठवाड्याची, विदर्भाची माणसे. मग पदर तोंडाशी धरून त्यांनी आम्हाला हळूच विचारले, “बाबा, ह्यो टाटा हाय तरी कोन? आमच्यासारख्यांसाठी येवढा खर्च कशाला केलान?”

त्या दिवशी आम्ही ‘मोठा कारखानदार होता’ एवढेच उत्तर दिले. पण प्रश्न मनात राहिला. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हेही त्यात आलेच. काकी आज नाहीत. त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आम्ही आज वाचक बंधू-भगिनींना देत आहोत.

एका मृत्यूतून उभा राहिलेला निधी

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांचा जन्म १८५९ सालचा. १८९८ मध्ये त्यांचे लग्न मेहेरबाई भाभा यांच्याशी झाले. मेहेरबाई घरात बसणाऱ्या श्रीमंत बाई नव्हत्या. स्त्रियांच्या संघटनांत त्या वावरल्या, टेनिस खेळल्या, आणि बालविवाहाला बंदी घालणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्याच्या बाजूने देशात आणि परदेशात बोलल्या. या दांपत्याला मूलबाळ नव्हते.

मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. त्याला ल्युकेमिया म्हणतात. आपल्या हाडांच्या पोकळीतील मगजात रक्तातल्या पेशी तयार होतात. या रोगात पांढऱ्या पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढत जातात. चांगल्या पेशींना जागा उरत नाही. माणूस फिका पडतो, ताप येतो, रक्त थांबत नाही. त्या काळी या रोगावर गुण येईल असे एकही औषध साऱ्या जगात नव्हते. टाटांच्या घरी पैशाला तोटा नव्हता, युरोपातील डॉक्टर हाताशी होते. तरीही १८ जून १९३१ रोजी मेहेरबाई वेल्समध्ये वारल्या. वय अवघे ५१.

येथे आपण थोडे थांबून विचार करू. गरिबाचे माणूस गेले की आपण म्हणतो, पैसा असता तर वाचले असते. पण येथे पैसा होता आणि माणूस गेले. कारण विद्याच अपुरी होती. औषध विकत घेता येते, पण ते आधी कोणी शोधून तर काढले पाहिजे. दोराबजींनी हे ओळखले. पत्नीच्या नावाने नुसता संगमरवरी पुतळा उभारला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी एप्रिल १९३२ मध्ये ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. विषय ठरवून दिला : रक्ताच्या रोगांवरील, विशेषतः ल्युकेमियावरील संशोधन. उत्पन्नाचे पाच वाटे करायचे. चार वाटे जगात कोठेही या रोगांवर काम करणाऱ्या संशोधकांना, आणि एक वाटा भारतात माणसाचे दुःख हलके करणाऱ्या वैज्ञानिक संशोधनाला. देश, धर्म, वंश यांची अट नाही. विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत काम करणाऱ्या तरुण संशोधकांना आजही या निधीतून वेतन मिळते.

त्याच वर्षी दोराबजींनी आपली उरलेली मिळकतही ‘सर दोराबजी टाटा ट्रस्ट’च्या स्वाधीन केली. त्यात शेअर होते, तसे पत्नीचे जडजवाहीरही होते. मेहेरबाईंचा ‘जुबिली’ नावाचा हिरा २४५ कॅरटचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात असताना पतीपत्नींनी आपली खाजगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकून एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्या गहाणात हा हिराही होता. पुढे तो विकला गेला आणि पैसा ट्रस्टच्या कामी आला. पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी इंग्लंडला निघालेले दोराबजी ३ जून १९३२ रोजी वाटेतच जर्मनीत वारले.

या दुसऱ्या ट्रस्टच्या पैशातून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले तेव्हा खाटा होत्या ८०. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. अणुऊर्जा खाते उभे करणारे डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. म्हणजे आज आपण ज्याला ‘टाटा’ म्हणतो ते रुग्णालय टाटांच्या दानातून जन्मले, पण साठाहून अधिक वर्षे ते सरकारच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या करांच्या पैशावर चालते. काकींच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

मुद्दल आणि व्याज

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खतावण्या लिहिण्यात गेले. म्हणून या निधीची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. एकदाच दहा हजार रुपये देऊन मोकळे होणे ही मदत. ती चांगलीच, पण ती त्या दिवशी संपते. मुद्दलाला हात न लावता त्याच्या उत्पन्नावर दरवर्षी काम करीत राहणे, हा निधी. देणारा गेला तरी निधी जगतो.

आणि संशोधनाला अशाच निधीची गरज असते. कारण संशोधनाचे फळ कधी येईल याचा वायदा कुणी करू शकत नाही. आंब्याचे कलम निदान चार-पाच वर्षांत मोहरते. विद्येचे झाड कधी पंधरा वर्षे घेते, कधी पन्नास. ल्युकेमियाचेच पाहा. मेहेरबाई गेल्यानंतर सतरा वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या १६ अत्यवस्थ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिले आणि त्यांतल्या १० जणांना उतार पडला. तो उतार टिकला नाही. मुले पुढे दगावली. पण या रोगाला औषध लागू पडू शकते हे जगाला पहिल्यांदा कळले.

ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख आपलेच एक भारतीय होते. आंध्रातले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. घरची गरिबी, दोन भाऊ पोटाच्या दुखण्याने पाठोपाठ गेलेले. त्यांना अमेरिकेला जाऊन शिकायचे होते आणि खिशात दमडी नव्हती. त्यांना मदत मिळाली ती सासऱ्यांची आणि काकिनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंग नायकर यांच्या धर्मादाय निधीची. समुद्रावरच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या एका माणसाने ठेवलेला तो निधी. ज्याने तो ठेवला त्याला ल्युकेमिया हा शब्दही माहीत नसेल. पण त्याच्या पैशातून शिकलेल्या मुलाच्या हाताखाली साऱ्या जगातल्या लेकरांसाठी औषध घडले.

वाचकांना येथे १९१३ सालची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती एका माणसाची होती, फळ कोट्यवधींना मिळाले. योग्य माणसावर योग्य वेळी खर्च केलेल्या पैशाची किंमत वहीत लिहिता येत नाही.

आज लहान मुलांच्या ल्युकेमियातील बहुसंख्य मुले चांगले उपचार वेळेवर मिळाले तर बरी होतात. २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या देशात तयार झालेल्या एका नव्या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांनी तो मिळून सिद्ध केला. रुग्णाच्याच रक्तातील लढाऊ पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला प्रयोगशाळेत शिकवायचे आणि परत शरीरात सोडायचे. परदेशात याला कोट्यवधी रुपये पडतात. इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तोही खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण १९३१ साली जगातल्या श्रीमंतांनाही जे मिळत नव्हते, ते आज पवईत आणि परळला घडते आहे.

सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली माणसे

पैसा एकटा काही शोधत नाही. त्यासाठी माणसे लागतात. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची उभारणी ज्यांच्या हातून झाली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक असे त्यांना मानतात. विकृतिशास्त्र म्हणजे शरीरातला बिघाड पेशींपर्यंत जाऊन पाहण्याची विद्या. काकींच्या गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला, ते काम या विद्येचे. तंबाखू-पानाच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध खानोलकरांनी अभ्यासला. कुष्ठरोगावर काम केले. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले त्याचे ते पहिले संचालक. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

त्यांच्या हाताखाली घडलेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर बाटलीत पेशी वाढवण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी देशात असे काम नव्हते. स्तनाच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या वाचकांतल्या ज्या मुली सायन्सला गेल्या आहेत त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आणि ज्या रस्त्यावर रुग्णालय आहे त्याचे नाव आपण फाईलवर लिहितो, डॉ. ई. बोर्जेस रोड. हे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस टाटा रुग्णालयातले शल्यविशारद. गरीब रुग्णांचा डॉक्टर म्हणून त्यांचे नाव झाले. पत्ता लिहिताना एखादे माणूस आठवावे, असे रस्ते आपल्याकडे थोडेच असतात.

ज्यांची नावे पाटीवर नाहीत

आता आम्ही जे सांगणार आहोत ते सहसा कुठल्या स्मरणिकेत येत नाही. संशोधन उभे राहते ते तिघांच्या बळावर. पैसा देणारा, विद्या देणारा, आणि आपले शरीर तपासायला देणारा. पहिल्याचे नाव इमारतीवर लागते. दुसऱ्याचे नाव ग्रंथात येते. तिसरा बहुधा आपल्यातला असतो आणि त्याचे नाव कुठेच नसते.

१९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी महागडी तपासणी परवडत नाही, तर साध्या व्हिनेगारसारख्या पातळ अॅसिडने काम होईल का, हा प्रश्न होता. कापसाच्या बोळ्याने ते लावले की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. दहावी-बारावी शिकलेल्या बायांना शिकवून हे काम त्यांच्याकडून करून घेतले. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. साऱ्या जगाने याची नोंद घेतली.

पण त्या दीड लाखातल्या निम्म्या बायकांची ही तपासणी झालीच नव्हती. त्यांना फक्त माहिती दिली होती, कारण तुलना करायला दुसरा गट लागतो. यावर टीका झाली. या बायकांना सगळे नीट समजावून सांगितले होते का, असा सवाल देशात आणि परदेशात विचारला गेला. देशात अशी तपासणी कुठेच नियमित होत नव्हती, हे डॉक्टरांचे म्हणणे. निकाल हाती आल्यावर दुसऱ्या गटातल्या बायकांचीही तपासणी करण्याचे ठरले.

आम्ही कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. त्या अभ्यासातून गरीब बायकांचे प्राण वाचतील अशी वाट सापडली, हे खरेच आहे. पण झोपडपट्टीतल्या ज्या मावश्या, वहिन्या त्यात सामील झाल्या, त्याही त्या निधीच्या मागच्या माणसांत मोजल्या पाहिजेत, हेही खरे आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : संशोधनाला घाबरू नका, पण संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मुलाला, सुनेला वाचायला लावा. समजले नाही तर दहा वेळा विचारा. संशोधनात भाग घेणे ऐच्छिक असते. नको म्हटले, किंवा मधेच बाहेर पडलात, म्हणून तुमचे उपचार कोणाला थांबवता येत नाहीत. अंगठा उठवून मोकळे होण्याचे दिवस बाबासाहेबांनी संपवले आहेत.

नागपूरचा एक बाप

कोणी म्हणेल, हे सारे मोठ्या लोकांचे. आपल्या समाजाने काय केले? त्यांना आम्ही नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव सांगू. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा रोग मोठ्या प्रमाणात आढळतो. तो आईबापांकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि लेकरू वेदनेने तळमळते. रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा रोग आला. त्यांनी नशिबाला दोष दिला नाही, अंगारेधुपारे केले नाहीत. सिकलसेल सोसायटी स्थापन केली, रुग्णांना एकत्र केले, डॉक्टरांना आणि सरकारला जागे केले. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यासाठी त्यांनी मागणी लावून धरली होती. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

दोराबजींनी पत्नीच्या दुःखातून निधी उभारला. रामटेके यांच्याकडे हिरा नव्हता. त्यांनी मुलाच्या दुःखातून चळवळ उभारली. आमच्या हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी जमेच्याच बाजूला पडतात.

दान आणि दया

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल, तो आमच्याही मनात आला होता. ज्या परळला हे रुग्णालय आहे त्याच परळच्या गिरण्यांत आमचे बापजादे राबले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा विटाळ! बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. तेव्हा धनिकांच्या संपत्तीत कामगारांच्या घामाचा वाटा असतो, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून कोणाच्या उपकाराचे ओझे आम्ही डोक्यावर घेत नाही.

पण दया आणि दान यांत फरक आहे. दया वरून खाली टाकली जाते. घेणाऱ्याची मान तिने वाकते. दान हे माणसाला उभे करते आणि देणाराचा ‘मी’ कमी करते. तथागतांनी आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत असलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले, बिछान्यावर निजवले, आणि मग संघाला विचारले की तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार? सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. आपल्या धम्मात रुग्णसेवा ही अशी पायाशीच आहे.

आणि दान फक्त श्रीमंतानेच करावे असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या कमाईचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. शंभरातले पाच. ज्यांच्यापुढे ते बोलत होते ते लोक मजूर होते, गिरणी कामगार होते. गाडगेबाबांकडे तर स्वतःचे म्हणून एक गाडगे होते. त्यांनी पंढरपूरची धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. आज परळला उपचारासाठी येणारी शेकडो गरीब कुटुंबे दादरच्या ज्या धर्मशाळेत आसरा घेतात तिलाही गाडगे महाराजांचेच नाव आहे. काकी आणि त्यांचा मुलगा तिथेच राहिले होते.

आमच्या वाडीची गोष्ट

काकी परळहून परत आल्या, पण वर्ष काढू शकल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, पांढरा चट्टा होता तेव्हा आला असता तर गोष्ट वेगळी होती. हे वाक्य आम्हाला झोपू देत नाही. कारण टाटा मेमोरियलने चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या सहकार्याने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव जाऊन तंबाखू खाणाऱ्यांची आणि बायकांची तपासणी केलेली आहे. विद्या आपल्या दारापर्यंत आली होती. आमच्याकडे तपासणीची हाक आली तेव्हा काकी काजूच्या बागेत मजुरीला गेल्या होत्या. एक दिवसाची मजुरी कोण बुडवणार? आणि ‘मला काय झालेय?’ हेही होतेच.

म्हणजे निधी परळला होता, विद्या परळला होती, आणि काकींना लागत होती एका दिवसाची मजुरी आणि दोन समजुतीचे शब्द. एवढे छोटे अंतर आम्ही भरून काढू शकलो नाही. ही चूक आमची, वाडीची आहे.

काकींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाडीच्या मंडळात हा विषय निघाला. जयंतीच्या खर्चातून दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढावी, असे आम्ही सुचवले. तरुण पोरे नाराज झाली. वाजंत्रीवर कात्री लागणार हे त्यांना दिसले. एक ज्येष्ठ म्हणाले, आपण फाटकी माणसे, आपला निधी तो केवढा? तेव्हा आम्ही कागद पुढे घेतला. समजा साठ घरे आहेत आणि घरटी महिना वीस रुपये आले. महिन्याचे बाराशे, वर्षाचे चौदा हजार चारशे, पाच वर्षांत बहात्तर हजार. बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला चार हजार तीनशे वीस रुपये व्याज. मुद्दल तसेच. यातून कर्करोगाचे औषध शोधून होणार नाही. पण तपासणीला जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी देता येईल, एखाद्या रुग्णाचे परळला जाण्यायेण्याचे भाडे देता येईल. पोरांनी आकडे दोनदा तपासले. काकींच्या मुलाने खिशातून वीस रुपये काढून चटईवर ठेवले. मग कोणी बोलले नाही. पावतीपुस्तक छापायला टाकले आहे.

इतर गावच्या मंडळांनीही असे करावे, अशी आमची विनंती आहे. पैसा एकाच्या खिशात ठेवू नका. तिघांच्या सहीचे खाते काढा, दरवर्षी जयंतीच्या सभेत हिशेब वाचा. रक्कम वाढली तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी करा. हिशेब चोख असेल तरच निधी माणसापेक्षा जास्त जगतो.

आणि घरातल्या बायाबापड्यांसाठी चार गोष्टी. मशेरी, तंबाखू, गुटखा सोडा. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत, तोंड मात्र जळते. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून गाल, जीभ, हिरड्या पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले तर दवाखाना गाठा. छातीत गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त गेले, तर लाजू नका. गावात तपासणी आली तर त्या दिवशी बागेत जाऊ नका. रेशनकार्ड आणि आधार जपून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे.

काकींनी विचारले होते, हा टाटा कोण, आणि आमच्यासाठी एवढा खर्च कशाला केला. आज त्यांना आम्ही सांगितले असते : काकी, एका माणसाची बायको गेली. त्याने दुसऱ्यांची माणसे वाचावीत म्हणून सर्वस्व ठेवून दिले. त्यावर शिकलेल्यांनी आपले आयुष्य ओतले. तुमच्यासारख्या लाखो बायकांनी आपले शरीर तपासू दिले. आणि सरकार त्यात जो पैसा घालते, त्यात काडेपेटीवर तुम्ही भरलेला करही आहे. तेव्हा परळच्या त्या व्हरांड्यात तुम्ही पदर तोंडाशी धरून बसायचे काहीच कारण नव्हते. ते तुमचेच होते.

जयभीम!